चित्राची घडी

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाची आत्या, मामा किंवा मोठा भाऊ दूरदेशी राहतो का? दिवाळीला त्यांचा फोन येतो. फोनच्या लहानशा पडद्यावर त्यांचा चेहराही दिसतो. लंडनमधल्या नातीने नवा फ्रॉक घातला, की साताऱ्यातली आजी तो घरबसल्या पाहते. "जरा गोल फीर गं, मागची नाडी बघू दे," असे म्हणते. नात गोल फिरते. मध्येच तिच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, आवाज अडखळतो आणि क्षणभराने सारे पुन्हा ठीक होते.

लंडन मुंबईपासून सात हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढ्या लांबून हलते चित्र क्षणात कसे येते? आणि ते चौकोनी तुकडे कोठून येतात? नीट समजून घेण्यासाठी आपल्याला एका कॉफीच्या भांड्यापासून सुरुवात करावी लागेल.

इंग्लंडमध्ये कॅम नदीच्या काठी केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठ आठशे वर्षांहून जुने आहे. १९९१ साली या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत बरीच माणसे काम करत. पण कॉफीचे यंत्र मात्र एकच होते. ते 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर ठेवलेले असे. इमारतीच्या दुसऱ्या भागात बसणाऱ्यांना कॉफीसाठी जिने चढून-उतरून यावे लागे. यावे, तर भांडे रिकामे! ट्रोजन रूममध्ये रात्रभर जागणाऱ्यांनी कॉफी कधीच संपवलेली असे.

क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी यावर उपाय शोधला. कॉफीच्या भांड्यावर रोखलेला एक कॅमेरा बसवला. त्याची तार एका संगणकाला जोडली. मग कोणीही आपल्या जागेवरून भांड्याचे चित्र पाहू लागला. कॉफी असेल तर उठायचे, नसेल तर कामाला लागायचे! १९९३ साली हे चित्र इंटरनेटवर ठेवले गेले आणि जगभरचे लोक केंब्रिजमधली कॉफी पाहू लागले. मोठी माणसेसुद्धा कशाकशात रमतात, पाहा. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. तेव्हाचे ते कॉफीचे यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना विकले गेले.

ते चित्र कसे होते? एक आलेखकागद घ्या. त्यावर १२८ आडव्या आणि १२८ उभ्या रांगांचा चौरस आखला असे समजा. त्यात १६,३८४ छोटी घरे होतील. प्रत्येक घर काळे, पांढरे किंवा कमीअधिक करड्या रंगाचे. कॉफीच्या भांड्याचे चित्र एवढेच होते. रंग नव्हते. चित्र बदलायचे तेही मिनिटाला सुमारे तीन वेळा. भांडे सावकाश भरत असल्यामुळे तेवढे पुरेसे होते.

संगणकाला चित्र दिसत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. म्हणून प्रत्येक घराला एक संख्या देतात. अगदी काळ्याला ०, अगदी पांढऱ्याला २५५ आणि करड्या छटांना मधल्या संख्या. कॉफीचे एक चित्र म्हणजे १६,३८४ संख्यांची यादी. या घरांना आपण बिंदू म्हणू.

आता आजच्या चित्राचा हिशोब करू. पाटी-पेन्सिल जवळ घ्या. स्वच्छ, मोठ्या चित्रात १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या रांगा असतात. गुणाकार केला, तर एका चित्रात २०,७३,६०० बिंदू होतात. चित्र रंगीत असल्यामुळे प्रत्येक बिंदूला तीन संख्या लागतात : तांबड्याची एक, हिरव्याची एक, निळ्याची एक. झाल्या ६२,२०,८०० संख्या. हलते चित्र म्हणजे खरे तर अनेक स्थिर चित्रे भराभर एकामागून एक दाखवणे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर एका सेकंदात अशी २५ चित्रे दाखवतात. पुन्हा गुणाकार करा. एका सेकंदाला १५,५५,२०,००० संख्या! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत साडेपंधरा कोटी संख्या लंडनहून निघून तुमच्या घरी पोहोचायला हव्यात.

घरातल्या साध्या जोडणीतून एवढ्या संख्या येऊ शकत नाहीत. साधारणपणे त्यांच्या अडीचशेव्या भागाएवढीच जागा चित्राला मिळते. म्हणजे अडीचशे मुलांना सहलीला न्यायचे आहे आणि गाडीत जागा आहे एकाच मुलाची!

ही अडचण नवी नाही. दूरचित्रवाणी जन्मली, तेव्हापासून ती आहे. जॉन लॉगी बेअर्ड हे स्कॉटलंडचे संशोधक लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवरील एका माळ्यावर प्रयोग करत. त्यांच्या दिव्यांची उष्णता फार. म्हणून आधी त्यांनी कॅमेऱ्यासमोर एका बाहुल्याचे डोके ठेवले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी त्या डोक्याचे चित्र नीट उमटले. बेअर्ड धावत खाली गेले आणि विल्यम टेंटन या वीस वर्षांच्या कचेरीतल्या मुलाला वर घेऊन आले. दूरचित्रवाणीवर दिसलेला तो पहिला माणूस. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्ड यांनी हा प्रयोग पाहुण्यांना दाखवला. त्यांच्या चित्रात रेघा होत्या फक्त तीस. रेडिओची वाट तेव्हा इतकी अरुंद होती, की तीसच रेघा त्यातून जात.

पुढे १९३६ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची दूरचित्रवाणी सुरू झाली. तेथे दोन पद्धती आलटून पालटून वापरून पाहिल्या. त्यांतली ४०५ रेघांची पद्धत टिकली आणि बेअर्ड यांची मागे पडली. तिच्यात एक युक्ती होती. सगळ्या रेघा एकदम पाठवायच्या नाहीत. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम रेघा पाठवायच्या. मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम रेघा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना अर्धे चित्र दिसतच नसे. डोळे दोन्ही अर्धी जोडून घेत. कमी पाठवायचे आणि उरलेले डोळ्यांकडून करवून घ्यायचे. हीच गोष्ट आजही चालते, फक्त अधिक हुशारीने.

तुमच्या आजोबांना तारेविषयी विचारा. आपल्या देशात २०१३ सालापर्यंत टपाल-तार कचेरीतून तार पाठवता येई. तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडत. म्हणून लोक मोजके शब्द लिहीत. 'आजी आजारी. लगेच निघा.' एवढेच! पत्रात लिहिले असते ते 'सर्वांना साष्टांग नमस्कार, इकडे पाऊस बरा आहे' वगैरे सारे गाळलेले. शिवाय दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांची वाक्ये ठरलेली असत आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असे. कचेरीतला माणूस वाक्याऐवजी तो क्रमांकच पाठवी. पलीकडच्या कचेरीत तीच यादी असे. तेथला माणूस क्रमांक पाहून पूर्ण वाक्य लिहून काढी.

चित्राचेही असेच करतात. पाठवणारा चित्राची घट्ट घडी घालतो. घेणारा ती उलगडतो. घडी घालायची आणि उलगडायची ही जी ठरलेली पद्धत, तिला 'कोडेक' म्हणतात. दोन्ही टोकांना एकच कोडेक हवे. एकीकडे एक यादी आणि दुसरीकडे वेगळी, असे झाले तर लग्नाच्या घरी दिवाळीच्या शुभेच्छा पोहोचतील!

ही घडी घालतात कशी? चित्रातले निळे आकाश पाहा. तेथे शेजारशेजारचे बिंदू जवळजवळ सारखेच असतात. मग प्रत्येकाची संख्या वेगवेगळी कशाला सांगायची? संगणक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो. खूप वापरल्या जाणाऱ्या एका कोडेकमध्ये चौकोनाच्या प्रत्येक बाजूला सोळा बिंदू असतात. 'हा सगळा चौकोन निळा' असे म्हटले, की २५६ बिंदूंचे काम झाले. ज्या चौकोनात झाडाची पाने आहेत, तेथे अधिक सांगावे लागते. अगदी बारीक फरक, जे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, ते गाळून टाकतात.

दुसरी युक्ती आपल्या डोळ्यांच्या स्वभावावर आधारलेली आहे. उजेड आणि अंधार यांतला फरक डोळ्यांना बारीक कळतो. रंगांतला फरक तितका बारीक कळत नाही. म्हणून उजेड प्रत्येक बिंदूचा सांगतात आणि रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकदाच. एवढ्यानेच संख्या निम्म्या होतात.

पण खरी मोठी बचत तिसऱ्या युक्तीत आहे. एका सेकंदातल्या पंचवीस चित्रांत फरक तो कितीसा? नात खुर्चीवर बसून बोलत आहे. मागची भिंत तीच, खिडकी तीच, खुर्ची तीच. हलतात ते ओठ, डोळे आणि हात. तर मग पहिले चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या वेळी फक्त बदल सांगायचा. तोही कसा? हात उजवीकडे सरकला, तर हाताचे चित्र पुन्हा काढायचे नाही. 'मघाचा तो चौकोन उचल आणि तीन बिंदू उजवीकडे ठेव,' एवढे सांगायचे. भिंतीच्या चौकोनांविषयी तर 'मघासारखेच' म्हटले, की झाले.

आता ते चौकोनी तुकडे कोठून येतात, हे तुम्हांला कळले असेल. वाटेत काही निरोप हरवतो. घेणाऱ्या फोनजवळ जुने चित्र असते आणि निरोप येतो, 'तो चौकोन उचलून इकडे ठेव.' पण कोणता चौकोन? मधला बदल तर त्याला कळलाच नाही! तो बिचारा चुकीचा तुकडा चुकीच्या जागी ठेवतो. नाकाच्या जागी पडदा आणि पडद्याच्या जागी कान. मग तो पाठवणाऱ्याला कळवतो, 'पूर्ण चित्र पुन्हा पाठव.' ते आले, की आजीला नात पुन्हा नीट दिसते.

काही दृश्यांची घडी घालणे फार अवघड असते. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर क्रिकेटचा सामना चालू आहे. हिरवे मैदान, पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू. काम सोपे. पण विजयानंतर रंगीत कागदांचे कपटे उधळले, की कोडेक गांगरते. हजारो कपटे, प्रत्येक वेगळ्या दिशेला! 'मघासारखेच' असे म्हणायला एकही चौकोन उरत नाही. अशा वेळी पडद्यावरचे चित्र एकाएकी अंधूक झालेले तुम्ही पाहिले असेल. धबधबा आणि धो धो पाऊस हेही कोडेकचे असेच वैरी आहेत.

ज्या कोडेकमध्ये सोळा बिंदूंचे चौकोन असतात, त्याचे नाव 'एच. २६४'. ते २००३ साली ठरले. २०१३ साली त्याहून घट्ट घडी घालणारे 'एच. २६५' आले. तेच चित्र ते जवळजवळ निम्म्या जागेत बसवते. अशा काही पद्धती वापरायला पैसे द्यावे लागतात. म्हणून बीबीसीच्या संशोधकांनी कोणालाही फुकट वापरता येईल असे कोडेक तयार केले आणि त्याला 'डिरॅक' हे नाव दिले. पॉल डिरॅक हे ब्रिटनचे थोर शास्त्रज्ञ. १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. ते कोडेक घरोघर पोहोचले नाही. पण फुकट वापरता येणाऱ्या कोडेकची कल्पना मागे पडली नाही. २०१८ साली अनेक मोठ्या कंपन्यांनी मिळून 'एव्ही १' नावाचे तसेच कोडेक काढले.

घडी जितकी घट्ट, तितके कष्ट अधिक. प्रत्येक चौकोन मघाच्या चित्रात कोठे होता, हे शोधत बसावे लागते. तेही सेकंदाला पंचवीस वेळा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर सगळी कामे करतो. तो पत्र लिहितो, गणित करतो, खेळ चालवतो. त्याच्यावरच हेही काम टाकले, तर तो दमतो, तापतो आणि फोनची बॅटरी भराभर उतरते.

तुमच्या घरी चकल्या करायचा सोऱ्या आहे ना? कुशल आजी हाताने पीठ वळूनही चकली करील. पण ताटभर चकल्यांना दुपार जाईल. सोऱ्या एकच काम करतो. त्याला भाजी चिरता येत नाही, पोळी लाटता येत नाही. पण दांडा दाबला, की भराभर चकली पडते. चित्राची घडी घालण्यासाठीही असा सोऱ्या असतो. चिपमध्येच एक वेगळा परिपथ कोरलेला असतो. तो दुसरे काहीच करत नाही. म्हणून तो जलद चालतो आणि वीज थोडी खातो. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही बहुधा असा परिपथ असेलच.

सोऱ्याची एक अडचण आहे. चकती असेल तसाच आकार पडतो. घरातल्या सोऱ्याची चकती बदलता येते. चिपमधली बदलता येत नाही. म्हणून नवे कोडेक आले, की जुन्या फोनला ते सोऱ्याने उलगडता येत नाही. तेथे पुन्हा मुख्य प्रोसेसरलाच राबावे लागते. शिवाय हाताची चकली सावकाश होते, पण निगुतीने होते. सावकाश, सगळ्या शक्यता तपासत घातलेली घडी घाईच्या घडीपेक्षा लहान बसते. म्हणून चित्रपट आधीच, वेळ घेऊन घडी करून ठेवतात. आजीशी बोलताना मात्र थांबायला सवड नसते. तेथे सोऱ्याच हवा.

या गोष्टीत पुन्हा केंब्रिज येते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तेथल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिमुकला संगणक विक्रीला आणला. त्याचे नाव 'रास्पबेरी पाय'. आकाराने तो बँकेच्या कार्डाएवढा आणि किंमत ३५ डॉलर. मुलांनी स्वतः संगणकाला आज्ञा द्यायला शिकावे, म्हणून तो बनवला होता. त्याचा मुख्य प्रोसेसर अगदीच साधा होता. पण चिपमध्ये 'एच. २६४'चा सोऱ्या होता! त्यामुळे हा इवलासा संगणक मोठे, स्वच्छ चित्र उलगडू शके आणि कॅमेरा जोडला, तर चित्राची घडीही घालू शके. लोकांनी त्याचे काय केले असेल? अनेकांनी अंगणातल्या पक्ष्यांच्या घरट्यात तो बसवला. स्वयंपाकघरात बसून पिले कशी वाढतात ते पाहू लागले. कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचाच हा धाकटा भाऊ. खरोखरच दोघांचे नाते आहे. कॉफीच्या कॅमेऱ्याला जोडलेला 'आर्किमिडीज' संगणक केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा होता. त्यात 'आर्म' जातीचा प्रोसेसर होता आणि रास्पबेरी पायमध्येही त्याच जातीचा आहे.

गंमत अशी, की २०२३ साली निघालेल्या 'रास्पबेरी पाय ५'मधून तो 'एच. २६४'चा सोऱ्या काढून टाकला. आता मुख्य प्रोसेसरच इतका चपळ झाला आहे, की ते जुने काम तो हाताने करतो.

ही घडी किती मोलाची आहे, हे २०२० साली सर्वांना कळले. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात ब्रिटनमधल्या शाळा बहुतेक मुलांसाठी बंद झाल्या. मोठी माणसेही घरून काम करू लागली. सगळ्यांची चित्रे एकाच वेळी तारांतून धावू लागली. तेव्हा नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी युरोपात आपल्या चित्रांचा दर्जा मुद्दाम कमी केला. चित्र थोडे अंधूक झाले, पण वाट सर्वांना पुरली. एप्रिलपासून बीबीसी रोज मुलांसाठी पाठ दाखवू लागली.

तरीही सर्व मुलांना ते मिळाले नाहीत. काहींच्या घरी इंटरनेटची जोडणी नव्हती. काहींच्या घरी एकच फोन आणि तीन भावंडे होती. घडी कितीही लहान केली, तरी ज्याच्या घरापर्यंत वाटच नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचणार कशी? म्हणून जानेवारी २०२१ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा बीबीसीने ते पाठ साध्या दूरचित्रवाणीवर दाखवायला सुरुवात केली. तेथे मनोऱ्यावरून चित्र एकदाच सोडतात आणि ते सर्वांच्या घरी पोहोचते. आपल्या महाराष्ट्रातही जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका याच कारणासाठी दाखवली होती. तुमच्या ताईला किंवा दादाला ती आठवत असेल.

पुढच्या वेळी लांबच्या कोणाचा फोन आला, की एक प्रयोग करा. त्यांना आधी पांढऱ्या भिंतीपुढे शांत बसायला सांगा आणि चित्र नीट पाहा. मग बारीक फुलांची साडी किंवा चादर कॅमेऱ्यासमोर जोराने हलवायला सांगा. चौकोन दिसतात का? दिसले, तर ते किती वेळात नाहीसे होतात, ते मोजून वहीत लिहा.